बगळ्याभोवतीचं तेज

बशीशिवाय चहा द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (माझे सगळे घात असे साध्याच विचारातून होतात.)

पोर्ट लुईला बंदरावरच्या कचेरीत मी कारकून. तिथं एका जपानी मच्छीमार बोटीच्या कप्तानानं जाताना मला लाखेच्या चकत्या भेट दिल्या. काळ्या कुळकुळीत, मधोमध सोनेरी बगळा. यावर चहाचा कप ठेवायचा, म्हणजे टेबलावर डाग पडत नाही, हे त्यानं हातवारे करून समजावलं. आमच्या टेबलावर नवा डाग पडायला जागाच उरलेली नव्हती, पण ते त्याला कशाला सांगा?

त्याच रविवारी बों अक्योय या उसाच्या शेतांतल्या खेड्यातून गोवर्धनभाऊ आणि त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई क्वात्र बॉर्नला, शहरातल्या आमच्या घरी येणार होते, आमच्या चंद्रिकेला बघायला. त्यांचा मुलगा सरकारी शाळेत मास्तर. देवळातल्या मराठीच्या वर्गात चंद्रिकेनं त्याला आधीच पसंत केलं होतं, आणि ही बातमी मी सोडून सगळ्या गल्लीला होती. "पपा, उगाच काही करू नका," एवढंच ती मला म्हणाली.

पण मी म्हटलं, उसातली माणसं, त्यांना कळू दे शहरात चहा कसा पितात. शनिवारी मी तालीम केली. चकतीवर उकळत्या चहाचा कप, करंगळी वर. कप उचलला तर बगळ्याभोवती पांढरं गोल कडं. पुसलं, घासलं, खोबरेल चोळलं, तसतसं ते जास्तच उजळलं. ती चकती मी गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सारली.

आता माझी बायको, विद्यावती. नवी वस्तू देवापुढं ठेवून हळदकुंकू लावल्याशिवाय ती वापरायला काढत नाही. सायकल, रेडिओ, सगळ्यांना लागलंय. (मला लग्नात लागलं. तेव्हापासून वापर चालू आहे.) सकाळी तिनं सगळ्या चकत्यांना हळदकुंकू वाहिलं, त्यात गठ्ठ्याची उलटापालट झाली, आणि कड्याची चकती नेमकी गोवर्धनभाऊंच्या पुढ्यात आली.

भाऊंनी चहाचा घोट घेतला. कप खाली नेला आणि हात तिथंच थांबला.

मी म्हटलं, "ठेवा ना, त्यावरच ठेवा."

"कुंकू लागलंय. देवाचं हाय हे," भाऊ म्हणाले. "यावर उष्टा कप कसा ठेवू?"

पुष्पावतीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. वाकून बघितलं. "अवो, हा तर सरस्वतीचा हंस. आणि त्याच्या भवती तेज बघा."

खरं सांगावं, तर सरस्वतीच्या डोक्यावर कप ठेवणारा व्याही म्हणून नाव होणार. दारात चंद्रिका उभी होती, रडायच्या बेतात.

"हो," मी म्हणालो, "घराण्यातलं आहे." (जपानी घराण्यातलं. पण घराण्यातलंच.)

लगेच बाईंनी आरती सुरू केली. सगळे उभे. टेबलावर देव मांडलेले, बश्या मीच कपाटात कोंडलेल्या, त्यामुळे भरलेले कप हातातच. बोटं भाजत होती, टाळी वाजवता येत नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊंना ते भक्तीचं वाटलं.

"मास्तराच्या घरी सरस्वती पायजेच," आरती संपल्यावर ते म्हणाले. "जिथं अशी भक्ती, तिथली पोर आमची. पोरीबरोबर ही तेवढी आम्हाला द्या."

लग्न थाटात झालं. आता बों अक्योयला गेलो की आधी देवघरात जावं लागतं. तिथं चांदीच्या ताटात ती चकती असते, ताज्या फुलांत. भाऊ आल्यागेल्याला तेज दाखवतात, माझ्याकडे बोट करून घराण्याची थोरवी सांगतात, आणि मी डोळे मिटून स्वतःच्या कपाच्या बुडाला साष्टांग नमस्कार घालतो.

मग चंद्रिका चहा आणते. कपाखाली चांगली मोठी बशी असते. वाकून ती माझ्या कानाशी म्हणते, "पपा, कप बशीतच ठेवा. नाहीतर अजून एक देव व्हायचा."