पत्ता बरोबर होता

हमादीने चौतीस वर्षं बेजा गावात टपाल वाटलं होतं, आणि देवाच्या खालोखाल त्याचा विश्वास पत्त्यावर होता. पत्ता नीट असला की वस्तू पोचते. नाही पोचली तर लिहिणारा गाढव. गल्लीतली म्हातारी मबरूका इटलीतल्या मुलाच्या पत्रासाठी बारा वर्षं दारात बसायची, तिलाही तो रोज सांगे, पत्ता चुकला असणार. त्यामुळे परदेशी, लियाँला बांधकामावर असलेला त्याचा मुलगा नाझेम जेव्हा फोनवर म्हणाला, की आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाठवलेले पैसे बँकेचा कोड चुकल्याने परत आले, तेव्हा हमादीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोड त्यानेच सांगितला होता.

सोमवारी बँकेतल्या वसीलाबाईंनी अकरा अक्षरांचा कोड कागदावर लिहून दिला. शेवटची तीन अक्षरं एक्स. हमादीच्या लेखी त्या फुल्या होत्या. टपालात पत्ता रद्द करताना अशाच मारत. बँकेने स्वतःचाच पत्ता खोडून ठेवलाय, अशी खूणगाठ बांधून त्याने शुक्रवारी नाझेमला आठच अक्षरं सांगितली, ऐकण्यात चूक नको म्हणून प्रत्येकाला एकेका गावाचं नाव लावून. पैसे परत आले. मग फुल्यांसकट सांगितली. तरी परत आले. आता त्याला वसीलाबाईंच्या अक्षराचा संशय आला. त्याने तोच कोड तीनदा लिहून घेतला, वर शिक्का मागितला, आणि मागच्या रांगेने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इकडे ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. त्याच्या बायकोला, सालहाला, जेमतेम दिसे; तिने निवडलेल्या मसुरीतले खडे दाताखाली येत. हमादी ते मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवी.

चौथ्या सोमवारी वसीलाबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. बँक खुर्ची देते तेव्हा बातमी बरी नसते.

"काका, त्या तीन अक्षरांचा अर्थ मुख्य कार्यालय. लावा नाहीतर सोडा, पैसे इथेच येतात. तुमचा कोड पहिल्या दिवसापासून बरोबर आहे."

"मग परत कसे जातात?"

"परत जायला आधी निघावं लागतं, काका. मुलाला म्हणावं, पाठवल्याची पावती दाखव."

पावतीचं महत्त्व टपालवाल्याला कोण शिकवणार? हमादीने चार दिवस प्रश्न घोकला आणि शुक्रवारी दुपारी तीनला फोन लावला. पूर्वी या वेळेला मुकादम ओरडतोय म्हणून नाझेम दोन मिनिटांत फोन ठेवायचा. हल्ली तो निवांत बोलायचा. मागे ना मुकादम, ना यंत्रांची घरघर; कुठेतरी पोरं चेंडू खेळत होती. गेले दोन महिने ती तिथेच खेळत होती, हे हमादीच्या आता ध्यानात आलं.

"बाबा, या वेळी तरी नीट सांगा. एखादं अक्षर राहत असेल."

"राहतच होतं रे, चूक माझीच. चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि हे बघ, इथली बँक महिनाभर बंद आहे, यंत्रं बदलताहेत. तू काही पाठवू नकोस. जेवतोस ना वेळेवर?"

पलीकडे चेंडू कशावर तरी आपटला. मग नाझेम म्हणाला, जेवतो.

फोन ठेवून हमादी वळला, तर सालहा निवडायच्या मसुरीचं ताट घेऊन दारात उभी.

"डॉक्टरांना मी कालच कळवलंय, पुढच्या वर्षी येते म्हणून," ती म्हणाली. "मबरूकालाही असंच सांगायचात तुम्ही, पत्ता चुकला म्हणून."

"तिच्या मुलाचं अक्षर खरंच वाईट होतं."

"तुम्ही कधी पाहिलंत? एक तरी पत्र आलं होतं का?"

सालहाने ताट त्याच्यापुढे सरकवलं, आणि तो खडे वेचायला बसला.