साहेब आपल्यातले

माणूस कुठल्याही भाषेत बोलो, मोजतो मात्र घरच्या भाषेत. हा माझा स्वतःचा शोध. म्हणून नवे साहेब, बिंदुमाधव, फायली मोजताना "एकवीस, बावीस" असं पुटपुटले, तेव्हा मी मनात म्हटलं, गुंडेराव, सुटलास!

म्हैसूरच्या आमच्या सरकारी कचेरीतून एकाची बदली टी. नरसीपूर या तालुक्याच्या गावी व्हायची होती. एक तर माझी, नाही तर शेजारच्या टेबलावरच्या शेषगिरीची. शेषगिरी ज्युनिअर, तेव्हा नियमाने तोच जायचा. पण माझ्या लेकीचं, वनजाचं, मॅट्रिकचं वर्ष, बायकोची इथल्या शाळेत नोकरी. नुसत्या नियमावर विसंबून कोण राहतो?

आम्ही अग्रहारातले, म्हणजे इथल्या जुन्या ब्राह्मणवस्तीतले मराठी लोक, मराठी घरात बोलतो, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी पहिल्यांदाच तो रिवाज मोडला. सगळ्यांदेखत म्हटलं, "साहेब, एकदा घरी जेवायला या की." टाइपरायटर थांबले. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, काय म्हणालात? लाजरे दिसतात, असं मी समजलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मेतकुटाचा डबा नेला.

तिसऱ्या दिवशी कचेरीभर बातमी: गुंडेराव साहेबांचे नातलग. शिपायाने माझी खुर्ची पंख्याखाली सरकवली. हेडक्लार्क मला आधी नमस्कार करू लागले. कुणी विचारलं की मी नुसता हसायचो. खोटं एक अक्षर बोललो नाही, हे मात्र लिहून ठेवा. शेषगिरी तेवढा मान खाली घालून काम करत होता. मला त्याची दया आली.

शुक्रवारी साहेबांनी आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि प्रथमच मराठीत बोलले.

"गुंडेराव, मी तुमचा कोण?"

"कोणी नाही, साहेब."

"मी आपल्या माणसाला सांभाळतो अशी तक्रार बेंगळूरला गेलीय. तुम्हाला इथे ठेवलं तर ती खरी ठरेल."

मी चाचरत ज्युनिअर-सीनिअरचा नियम काढला. तो त्यांनाही पाठ होता. तुम्ही गप्प बसला असता तर तोच चालवला असता, म्हणाले. हुकूम सही करून तयारच होता.

सोमवारी बसस्टँडवर मला पोचवायला एकटा शेषगिरी आला. ट्रंक वर चढवून दिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, सांभाळून जा.

अकरा वर्षं शेजारी बसलेला माणूस! मी विचारलं, मग साहेबांशी एकदाही मराठीत बोलला कसा नाहीस?

"कसा बोलणार? सख्खे आतेभाऊ आहेत ते माझे."