कुरडयांसकट घर

आपल्याच घरच्या दिवाणावर चंपतराव पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. समोरच्या लॅपटॉपमध्ये त्यांचं धरमपेठेतलं घर हवेत तरंगत होतं.

"अगं बाई! हे आपलं घर?" त्यांच्या बायकोचा, बायजाबाईंचा, तोंडावरचा हात खाली येईना.

चंपतरावांच्या वडिलांनी १९६४ साली बांधलेलं हे घर. गोल जिना, सिमेंटची जाळी, घडी घातल्यासारखा छज्जा. आर्किटेक्चर शिकणाऱ्या रितिकाने नागपुरातली त्या काळची घरं थ्रीडीत नोंदवायला घेतली होती. मंगळवारी तिने ड्रोन उडवला, चारशे फोटो काढले आणि कॉम्प्युटरने ते जोडले. आता बोट फिरवलं की घर फिरायचं. जाळीचं भोकन् भोक दिसत होतं. बायजाबाईंना भरून आलं.

"सासऱ्यानं केवढं सुंदर बांधलं होतं वं! पंचेचाळीस वर्षं झाडून राहिली, मले दिसलंच नाही."

"आजी, गच्ची बघा. तुमच्या कुरडयाही आल्या."

खरंच की! जुन्या धोतरावर ओळीने. फक्त जिजाबाईंच्या गच्चीकडचा कोपरा रिकामा. बायजाबाईंचा चेहरा उतरला. तीन उन्हाळे त्या कोपऱ्यातल्या ओल्या कुरडया गायब होत होत्या आणि तेव्हापासून शेजारच्या जिजाबाईंशी बोलणं बंद होतं. लग्नापासूनची मैत्रीण! चीक ढवळायला दोघी लागतात. आता बायजाबाई एकट्याच ढवळायच्या आणि आठवडाभर खांदा चोळायच्या.

"अन् टाकीजवळ हा पुतळा कोणाचा वं?"

रितिकाने चित्र मोठं केलं. बनियनमधले चंपतराव, कुरडई तोंडाशी नेलेली.

"तुम्ही?"

"ड्रोन डोक्यावर आला न! मले वाटलं, हललो तर फोटोत येईन. वीस मिनिटं उन्हात तसाच उभा होतो."

"उलटं असते आजोबा. हलते ते जुळत नाही, पुसलं जाते. पळाले असते तर दिसलेच नसते."

चंपतरावांनी कपाळावर हात मारला. बायजाबाई मात्र तडक कंपाउंडशी गेल्या.

"जिजे! ये वं. माहं चुकलं. चोर घरातलाच निघाला."

जिजाबाई आल्या, जरा बिचकतच. बायजाबाईंनी हात धरून त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं.

"फिरव पोरी, हिले सगळं दाखव."

"पुरे आता! चहा करा," चंपतराव घाईने उठले.

पण घर फिरलं होतं. टाकीची पलीकडची बाजू समोर आली. तिथे दोन गच्च्यांमधल्या भिंतीवरून हात पुढे करून, तळहातावर कुरडई घेऊन, श्वास रोखून उभ्या होत्या जिजाबाई.

बायजाबाई एकदा पडद्याकडे बघत, एकदा मैत्रिणीकडे.

"यंदा मीठ कमी होतं," जिजाबाई हळूच म्हणाल्या.

"असणारच! चाखाले तू कुठं होती चिकाजवळ?" म्हणता म्हणता बायजाबाईंनी पदराने डोळे पुसले.

रितिका गोंधळली. "आजी, हे दोघं पुसता येतील. पुसू का?"

"खबरदार! घर नोंदवून राहिली न? मग पुरं नोंदव."