रूथ पास झाली

इंग्रजीत सांगितलं की दुःखालाही इस्त्री बसते, असं सॅम्युएलचं ठाम म्हणणं. तो रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, आणि रूथचा धाकटा भाऊ. तिच्या नवऱ्याला, येशुदासला, साधंच लिहायचं होतं: बायको वारली, दुपारी माती आहे, या. सॅम्युएल म्हणाला, "दाजी, चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर असं उघडंबागडं लिहीत न्हाईत. माझ्यावर सोडा." येशुदासनं सोडलं. काल चालतीबोलती बाई पहाटे दवाखान्यातून चादरीत मळ्यावर आली होती. शब्दावरून भांडायला त्याच्यात जीव नव्हता.

सॅम्युएलनं लिहिलं: रूथ पास्ड धिस मॉर्निंग.

आता रूथ बसली होती बाहेरून दहावीला, पंचेचाळिशीत. निकाल तोंडावर आला होता आणि साऱ्या मंडळीला ते ठाऊक होतं. मोबाइलवर अंगठे, फुलं, टाळ्या पडू लागल्या, लग्नात अक्षता पडाव्या तशा. केंदूरच्या वच्छलामावशीनं पेढे मागितले. यवतचा ब्लेसन तर हार आणि पेढे घेऊन गाडीवरून दारातच आला. काकूला हाका मारत आत शिरला आणि खांबासारखा उभा राहिला. मग दुसरं काही सुचेना, म्हणून तो हार त्यानं तिच्याच अंगावर ठेवला. पेढ्यांचा पुडा येशुदासनं घेतला. पाहुण्याच्या हातातलं घ्यावं लागतं.

मग त्यानं मेव्हण्याला विचारलं, ह्या पासचा अर्थ तरी काय? सॅम्युएलनं समजावलं की मूळ शब्द पावलाचा. पाऊल टाकत पुढं निघून जायचं. त्यावरनं गाडी पास होते, पोरगं पास होतं, वेळ पास होतो.

"आन् मेलं, हे त्यात कुठं हाय?"

"त्याला म्होरं 'अवे' लावत्यात. त्ये राह्यलं."

"अवे म्हंजी?"

"लांब."

येशुदासनं पेढ्यांचा पुडा कोनाड्यात ठेवला.

सॅम्युएलनं चूक लगेच दुरुस्त केली. घाईत एवढंच पाठवलं: अवे. झालं, रूथ पास होऊन परगावी गेली असा सगळ्यांनी अर्थ लावला. मार्कलिस्ट आणायला गेली असेल, असं एकानं लिहिलं. ती परतली की येऊ, असं मावशीनं कळवलं.

खड्डा तयार होता. पाळक आले ते काठी टेकत. पेटी उचलायला नवरा, भाऊ आणि हारवाला ब्लेसन. चौथा माणूस नाही. येशुदासनं फोन हातात घेतला, ग्रुपवर बोलून पाठवायचं बटण दाबून धरलं.

"मी येशुदास बोलतोय. रूथ मेली. पेटीला खांदा कमी पडतोय. या."

उन्हं कलायच्या आत अंगण भरलं. वच्छलामावशीनं पेटीवर डोकं टेकून हंबरडा फोडला, डोळे पुसले आणि ती येशुदासवर घसरली.

"मेली म्हून सांगत्यात व्हय बाईमाणसाचं, कुत्रं मेल्यागत? सॅम्युएलनं कसं मऊ सांगितलं व्हतं."

मंडळीनं माना हलवल्या. येशुदासनंही हलवली.