तौनोच्या तक्त्यातला सतरावा रकाना

मुलांनो, जरा कल्पना करा. थंडी इतकी, की श्वास मिशीवर गोठून बसलाय. मिशी नसेल तर घटकाभर उसनी घ्या! असल्या थंडीत, मिशिगनच्या पार उत्तरेला, तौनो कांगास पन्नास किलोमीटरच्या स्की-शर्यतीला उभा होता. गेली तीन वर्षं त्याला अर्ध्या वाटेतून घसरगाडीवर घालून परत आणलं होतं. यंदा मात्र त्याने गावभर सांगून ठेवलं होतं, "शर्यत पुरी करणार!"

कारण यंदा त्याच्याकडे तक्ता होता. चौदा प्रकारचे एनर्जी बार आणि सोळा रकाने! साखर किती, मीठ किती, चावायला कसा... सगळी चाचणी स्वयंपाकघरात, शेगडीला टेकून. त्याची नऊ वर्षांची लेक ऐली आकडे लिहून घ्यायची. खजूर-बदामाचा बार पहिला आला.

शर्यतीच्या सकाळी तौनोने तसले सहा बार कोटाच्या बाहेरच्या खिशात ओळीने लावले. शेजारी त्याची बहात्तर वर्षांची इम्पीआत्या फडक्यात गुंडाळलेली गरम पॅस्टी सदऱ्याच्या आत, छातीशी सरकवत होती. पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याची, विटेएवढी करंजीच.

"आत्या, शर्यतीला चाललीस की खाणीत?"

"तुझ्या आजोबांनी तीस वर्षं अशीच खाणीत नेली."

"त्यांच्याकडे तक्ता नव्हता."

"नव्हता बाबा. जेवण होतं."

पंचविसाव्या किलोमीटरला तौनोला कडकडून भूक लागली. त्याने बार काढला. बार कसला, गोठून फरशी झालेली! पण तक्ता खोटं बोलणार नाही, म्हणून तो सगळा जोर लावून चावला. दात आत रुतले. बाहेर येईनात!

लाजेने गळपट्टा नाकापर्यंत ओढून तो कॉफीच्या तंबूशी पोचला. तिथे ऐली पेले भरत होती. प्रथमोपचाराला वर्ननकाका होते. तौनोला उचलण्यात त्यांचा हात बसलेला होता.

"तौनो, बरा आहेस ना?"

"म्म्म!"

"नाव सांग बघू."

"म्म्म म्म्म!"

"नावही आठवेना! गारठा डोक्यात गेला. घोंगडी आणा रे!"

ऐली बुटकी. तिला गळपट्ट्याच्या खालून सगळं दिसलं. "काका, बाबांच्या तोंडात..."

"पोरी, बाजूला हो. पेशंट आहे."

तौनोने जोरात हात हलवले.

"बघा, झटकेही येतायत!" म्हणत काकांनी त्याला घसरगाडीवर बांधलं.

एवढ्यात वाफाळती पॅस्टी खात इम्पीआत्या आली. तिने गळपट्टा खाली ओढला. "गारठा कसला! बार अडकलाय." तिने बारावर कोमट कॉफी ओतली. बार सुटला. सोबत एका दाढेवर डॉक्टरांनी बसवलेली टोपीही सुटली.

"मी निघतो!" तौनो म्हणाला.

"गाडीवर बसला तो बाद," वर्ननकाका म्हणाले. "नियम आहे."

आत्याने उरलेली अर्धी पॅस्टी त्याच्या हातावर ठेवली, आणि शर्यत पुरी करायला निघून गेली.

आणि ऐलीने काय केलं? घरी आल्यावर ती तक्त्यापाशी बसली. तिने पट्टी घेतली, तक्त्यात सतरावा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'खिसा कोणता?' चौदा बारांपुढे तिने लिहिलं, 'बाहेरचा'. मग खाली पंधरावी ओळ काढली.

'पॅस्टी. आतला.'