आनंदाबाईंची शिकवणी

डॉक्टर धनंजय चौगुले ‘गाय बांधा’ एवढंच म्हणाला होता, पण तेवढ्यानं देवाजींच्या अंगणात घरातली चार आणि शेजारची तीन माणसं धावत आली. एकाच्या हातात काठी होती.

“आवं, बांधा की ती गाय! बगत काय उभं राहिलायसा? ताप किती दिस हाय तिला?”

हा त्याचा काळजीचा सूर होता. धनंजय कागलकडचा. त्याच्या गावात आई लेकराला जेवायला हाक मारते तेव्हाही परक्या माणसाला वाटावं, आता डोकी फुटणार. पण हे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अड्याळला कोणाला ठाऊक? इथल्या जनावरांच्या दवाखान्यात तो धानाच्या रोवण्याच्या दिवसांत रुजू झाला आणि आठवड्याच्या आत गावभर झालं, की नवा डॉक्टर हुशार आहे, फक्त रोज कोणाशी तरी भांडतो.

देवाजी इतके दचकले, की गाय बांधायची सोडून स्वतःच दावं धरून खुंट्यापाशी उभे राहिले. तेव्हा त्यांची मुलगी रिता पुढे आली. ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, आरडाओरड्याची तिला सवय होती.

“ताप गाईले आला नं जी? मंग तुमी कायले चिल्लावून राहिले?”

धनंजयने आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य अर्ध्यावर सोडलं. गाईचा ताप दोन दिवसांत उतरला, पण डॉक्टर मात्र पुढचे आठ दिवस, कारण नसताना, गाय बघायला जात राहिला.

शेवटी दवाखान्यातला परिचर टिकाराम त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, तुमचं सारं समजते मले. पण देवाजी काय म्हनून राहिला, मालूम आहे? म्हने, असा भांडकुदळ माणूस पोरीले रडवल. त्याले नरम बोलनारा जावई पाह्यजे.”

“मी भांडतोय कुठं? बोलतोय न्हवं!”

“थेच तं बदलवा. आमच्यासारकं बोला.”

“शिकवणार कोण?”

“घरमालकीन आहे नं तुमची! आनंदाबाई सकाळी सुरू झाली, का झोपेतबी थांबत नाई.”

आनंदाबाई शहात्तर वर्षांच्या. दूध पिऊन गेलेल्या मांजरीलाही त्यांनी कधी हाड् केलं नव्हतं, उलट ‘पोट भरलं का वं?’ विचारलं होतं. दिवसभर कोंबड्यांशी, तुळशीशी, बंद पडलेल्या रेडिओशी बोलायच्या. आता त्यांना एम.व्ही.एस्सी. झालेला श्रोता मिळाला. धनंजयनेही परीक्षा असल्यासारखा अभ्यास मांडला. संध्याकाळी त्या तांदळातले खडे वेचायच्या, हा शेजारी वही घेऊन बसायचा, आणि दोघांच्या गप्पा चुलीवरचं आधण आटेपर्यंत चालायच्या.

त्यानं शब्द उचलले, हेल उचलला, सुस्कारे उचलले. फक्त एक गोष्ट बिचाऱ्याच्या ध्यानात आली नाही. बोलीला गाव असतं, तसं वयही असतं.

धान कापणीला आलं तेव्हा देवाजींची म्हैस अडली. धनंजय धावत गेला, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चार महिन्यांची विद्या बाहेर काढली.

“माय वो! थकली बिचारी माही! राहू दे वं माय, होते सारं बराबर. आपल्या बाईच्या जातीचं असंच राहते!”

देवाजी बघतच राहिले. तासाभरात रेडकू सुखरूप बाहेर आलं. डॉक्टर गुडघ्यावर हात टेकत कण्हत उठला आणि म्हणाला, “आता नाई होत बापा माह्यानं. आमच्या टायमाले असं नोयतं.” मग त्यानं देवाजींच्या डोक्यावर हात ठेवला. “सुखी राहा, बाबू.”

पंचावन्न वर्षांच्या देवाजींनी नकळत वाकून नमस्कार केला. त्यानंतर डॉक्टर सुधरला, कसा गरीब गाईवानी बोलते, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. रिता मात्र दारात उभी राहून कपाळावर आठ्या घालून बघत होती.

गावाचं वागणं बदललं. डॉक्टर दिसला की बाप्ये बिडी मागे लपवू लागले. एसटीत पोरं उठून त्याला जागा देऊ लागली. कौशल्याबाई सुनेची गाऱ्हाणी घेऊन थेट दवाखान्यात येऊन बसल्या. जनावराशिवाय आत घेत नाहीत असं टिकाराम म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्या एक धडधाकट शेळी घेऊन आल्या. तीच शेळी मग आणखी चार सासवांनी आळीपाळीनं आणली. लसीकरणाला मात्र कोणी फिरकेना. धनंजयने चौकात उभं राहून कळवळून सांगितलं, “टोचून घ्या बापा ढोराईले! मी मेल्यावर समजन तुमाले!” लोकांनी हात जोडले, ‘असं नोका बोलू, तुमी शंभर वर्सं जगा’ म्हणाले आणि घरी गेले.

एवढं होऊनही त्याला वाटत होतं, आपलं बरं चाललंय. एका दुपारी त्यानं रिताला उपकेंद्राबाहेर गाठलं.

“रिता, माह्या मनात एक गोष्ट आहे वं माय. तुयासंगं लगन करावं म्हंतो.”

रिताने कपाळाला हात लावला.

“डॉक्टर साहेब, खरं सांगू? तुमी बोलता तं मले माही मेलेली आजी बोलून राहिली असं वाटते. आजीले नाई म्हनवत नाई. अन् आजीसंगं लगनबी करता येत नाई.”

धनंजयच्या मस्तकात तिडीक गेली. “आजी? म्या आट्ठावीस वर्साचा गडी हाय! चार म्हैनं ती बोली घासतोय, कुणासाठी? तुज्यासाठीच की गं!”

रस्त्यावरच्या दोन सायकली थांबल्या. रिता खुदकन हसली. “हे असं बोला नं! तवा गाईपाशी बोलले, तवाच आवडले होते तुमी मले. आयतवारी घरी या. पण माह्यासमोर त्या आजीवानी बोलले, तं मी नाईच म्हनन. सांगून ठेवते.”

आता आली पंचाईत. बापाला हवी आजी, पोरीला हवा कागलचा गडी, आणि मागणी घालायची ती दोघांच्या समोर.

रविवारी धनंजय निघाला. त्याचे आईबाप कागलला, म्हणून वडीलधारं माणूस म्हणून आनंदाबाई बरोबर होत्या आणि मध्यस्थ म्हणून टिकाराम. ओसरीवर पाणी आलं. रिता दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

“बोला डॉक्टर साहेब,” देवाजी खुशीत म्हणाले. “तुमच्याच तोंडून आयकू द्या.”

“मी...” धनंजयने देवाजींकडे पाहिलं. मग रिताकडे पाहिलं. “मी...” आणि पाणी प्यायला. तीन पेले रिकामे झाले.

“याईले काय झालं गा?” देवाजींनी टिकारामला विचारलं.

“तोंड आलं असन,” टिकाराम म्हणाला.

देवाजींची खुशी उतरली. “मागनी घालाले आले अन् बोलतबी नाई? मनातच नसन. राहू द्या मंग.” ते उठायला लागले. रिताच्या हाताची घडी सुटली. धनंजयला दरदरून घाम फुटला, पण जीभ कुठल्याच बाजूला वळेना.

तोच आनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय ओ देवाजी! पोरगी देतायसा का न्हाई? लेकरू घामानं भिजलंया, आन् तुमी निघालायसा कुठं? बसा की खाली!”

शेजारची तीन माणसं काठीसकट अंगणात आली. देवाजी मटकन खाली बसले.

“आनंदामाय... तू? कोनावर चिडली वं?”

“चिडतंय कोण? बोलतीया न्हवं!” आणि त्यांनी बोळक्या तोंडानं हसून देवाजींच्या गालावरून हात फिरवला. चार महिने आपण एकटेच शिकतोय, अशी धनंजयची समजूत होती.

देवाजी त्यांच्याकडे पाहत राहिले. या बाईला उभ्या जन्मात कोणी भांडताना पाहिलं नव्हतं. मग ते धनंजयकडे वळले. “म्हंजे... हे भांडन नोहे?”

“न्हाई ओ!” धनंजय इतक्या जोरात म्हणाला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. “आमी असंच बोलतो की! तळहाताच्या फोडावानी जपीन तुमच्या लेकीला!”

देवाजी सवयीनं मागे सरकले. मग त्यांनी रिताचा चेहरा पाहिला आणि परत पुढे आले.

“बरं जी, दिली पोरगी. पन लगनाची मंगलाष्टकं तुमच्याकडच्या मानसाले नोका म्हनू देजा. पाव्हने जेवल्याबिगर पळून जातीन.”