अकरा पेट्या आणि शंभर टक्के उपस्थिती

सार्वजनिक काम एकट्याने केले तर ते होऊन जाते. सर्वांनी मिळून केले तरच ते सुरू राहते. मोहगावचे आमचे बालवाचनालय गेले दीड वर्ष सुरू आहे. (उघडलेले नाही. सुरू आहे.)

पुस्तके नागपूरहून आली, संत्र्यांच्या अकरा लाकडी पेट्यांत, वरून खिळे ठोकून. सगळी मराठी, मुलांच्या गोष्टींची. आम्ही राज्याच्या सीमेपलीकडचे, म्हणून आमच्या मुलांची शाळा हिंदी आणि घर मराठी; घरच्या भाषेतली गोष्ट छापलेली त्यांनी क्वचितच पाहिलेली. पाचवीतली सुचिता पेट्या उतरवतानाच विचारून गेली, "गुरुजी, यातली एक तरी गोष्ट मले आखरीपर्यंत वाचाले भेटन का?" मी म्हणालो, आठवडाभरात. तेव्हा मी समितीचा सचिव नव्हतो.

समिती एकवीस जणांची. अध्यक्ष नाही, कारण सगळे समान. नियम दोनच. काम पारदर्शी असावे, म्हणून कोणत्याही सदस्याने सर्व सदस्य हजर असल्याशिवाय पेटी उघडू नये. काम लवचीक असावे, म्हणून प्रत्येकाने सभेला आपल्या सोयीच्या वेळी यावे.

दोन्ही नियम उत्तम आहेत. मुलांना समजावून सांगताना मला कधी अडचण आली नाही. दोन्ही एकदम समजावताना येते.

पहिल्या सभेला भैय्याजी बागेला पाणी देऊन सकाळी सातला आले. मालतीबाई स्वयंपाक आटोपून दुपारी आल्या. सुमेध पांढुर्ण्याच्या कचेरीतून संध्याकाळी उतरला. प्रत्येकाने पेट्यांसमोर बसून चहा घेतला, पेट्या भक्कम असल्याचे सांगितले, सही केली. उपस्थिती शंभर टक्के. एका वेळी जास्तीत जास्त तीन. (त्यातला एक मी, सह्या घ्यायला.) विषय सर्वानुमते पुढील सभेवर गेला.

पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की कुलूप पारदर्शीपणाला शोभत नाही. ते काढले. मग बंद दारही शोभेना. तेही काढले. (मालतीबाईंच्या गोठ्याला नेमके बसले.) दर सभेचे इतिवृत्त मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावू लागलो. गेल्या आठवड्यापर्यंत सभा त्रेचाळीस, इतिवृत्ताची पाने एकशे बारा, तक्रार एकही नाही, उघडलेली पेटी एकही नाही.

वाचनालयाचा मुलांना उपयोग झाला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रोज पाचला मुले येत, पेट्यांवर बसत आणि भिंत वाचत. सुचिता महिनाभरात 'सर्वानुमते' न अडखळता वाचू लागली. तिच्या आईने, पंचफुलाने, एकदा पाणी भरायला सांगितले तेव्हा तिने तो विषय पुढील सभेवर ढकलला. पंचफुला दिवसभर कापूस वेचून आली होती. तिने तो तिथेच निकाली काढला.

गेल्या मंगळवारी सुचिता भिंतीवरच्या नियमांच्या कागदापाशी बराच वेळ उभी राहिली.

"गुरुजी, तुमी सदस्य हाय ना?"

मी हो म्हणालो.

"अन् मी?"

"नाही."

"मंग मले हे लागूच नाई."

एकशे बारा पानांत या वाक्यासाठी जागा सापडेना. मी चष्मा पुसायला घेतला. पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा एका पेटीचे झाकण उचकटलेले होते. (उलथने ती घरूनच घेऊन आली होती.) सुचिता जमिनीवर मांडी घालून मोठ्याने वाचत होती. एक कोल्हा विहिरीत पडला होता.

बातमी समितीच्या मोबाइल गटावर गेली. वीस मिनिटांत एकवीसच्या एकवीस सदस्य हजर झाले, सुमेध तर कचेरीतून रजा टाकून. दीड वर्षात प्रथमच. मी नम्रपणे निदर्शनास आणले की नियमाप्रमाणे आता अकराही पेट्या उघडता येतील.

भैय्याजी म्हणाले, "गुरुजी, आज विषय तो नोय. आज विषय हे पोट्टी हाय."

चर्चा दोन तास चालली. शिक्षा कोणालाच नको होती. समिती उदार आहे. सर्वानुमते ठरले की सुचिताला सदस्य करून घ्यावे. टाळ्या झाल्या. तिने बाविसावी सही केली, त्यामुळे नियम तिला तत्काळ लागू झाला. पुस्तक पेटीत गेले, खिळे पुन्हा ठोकले गेले. ती नवव्या पानावर होती.

"गुरुजी, मंग कोल्हा विहिरीतच राहीन का?"

मी इतिवृत्त लिहीत होतो. तिचा प्रश्न त्यात घेतला आहे.

तर वाचकहो, ही हकिकत समितीच्या गटावर न टाकता मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहिली. तुम्ही सदस्य नाही. खोलीला दार नाही, आणि उलथने मी पेटीवरच ठेवले आहे. मुले पाचला येतात.

(छान लिहिले, एवढेच कळवणाऱ्यांना सदस्य करून घेतले जाईल.)